गच्चीवरची टाकी, पार्किंगमधली मोटर आणि मधले चार मजले (घरी इलेक्ट्रॉनिक्सचे उद्योग करणाऱ्यांसाठी धागा)

तांब्याची_तार

नमस्कार मंडळी,

पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीला मला बारा वर्षं झाली. दिवसभर कोड, रात्री जेवणं उरकली की गॅलरीतल्या टेबलावर सोल्डरिंगचं सामान काढून बसायचं, असा गेली सहा वर्षं क्रम आहे. या काळात कुंड्यांना ठिबक केलं, आईच्या गोळ्यांच्या डब्याला वेळ झाली की लागणारा दिवा केला, एक हवामानाची पेटी केली. ते सगळं माझ्या हौसेचं. आज ज्याबद्दल लिहितोय ते काम मात्र सोळा घरांच्या नळाला जोडलेलं आहे, म्हणून त्यात काय काय झालं ते नीट सांगावंसं वाटलं.

आमची इमारत वारज्यात, जुनी. पार्किंग आणि वर चार मजले, लिफ्ट नाही. खाली जमिनीत टाकी, गच्चीवर पाच-पाच हजार लिटरच्या दोन टाक्या खालून एकमेकींना जोडलेल्या, आणि पार्किंगच्या कोपऱ्यात तीन एचपीची थ्री फेज मोटर. मोटर चालू-बंद करायचं काम वॉचमन मामांचं. टाकी किती भरली ते बघायला मामा टॉर्च घेऊन चार जिने चढायचे, झाकण उचलायचे, परत उतरायचे. दिवसातून दोनदा, आणि गुरुवारी पाणी बंद असलं की शुक्रवारी तीन-चारदा. गुडघा धरून पायरीवर बसलेले मामा मी रोज ऑफिसला निघताना बघायचो. सुरुवात तिथून झाली.

पहिला सेन्सर घेतला एचसी-एसआर०४. दोन डोळ्यांसारखा दिसणारा, अल्ट्रासॉनिक, सगळ्यांनी कधी ना कधी हाताळलेला. एका डोळ्यातून ४० किलोहर्ट्झचा आवाज खाली सोडायचा, पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. दीड मीटर खाली जाऊन परत यायला साधारण पावणेनऊ मिलिसेकंद लागतात. टेबलावर वहीपासून भिंतीपर्यंत सगळं अचूक मोजायचा. टाकीत लावल्यावर पंधरा दिवसांत त्याच्या जाळ्यांवर बाष्पाचे थेंब आणि हिरवट थर. टाकी रिकामी असताना भरलेली दाखवू लागला. मग जेएसएन-एसआर०४टी आणला. हा गाडीच्या मागच्या बंपरला असतो तसा, डोकं बंदिस्त, आत पाणी शिरत नाही. त्याची अडचण वेगळी: डोक्यापासून वीस-पंचवीस सेंटीमीटरच्या आतलं त्याला काही दिसत नाही. टाकी काठोकाठ भरली की आकडे भरकटतात. म्हणून 'भरली' ही खूण सेन्सरच्या तीस सेंटीमीटर खाली धरली.

त्यानंतर जे सापडलं त्याचा आनंद मला अजून आठवतो. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी टाकीतली पातळी आपोआप चढायची आणि रात्री उतरायची, मोटर बंद असतानाही. तीन दिवस कोड चाळत होतो. चौथ्या दिवशी दुपारी दोनला गच्चीवर जाऊन काळ्या टाकीच्या झाकणाला हात लावला, चटका बसला, आणि उत्तर मिळालं. आवाजाचा वेग हवेच्या तापमानाप्रमाणे बदलतो. २० अंशाला सेकंदाला ३४३ मीटर, ४५ अंशाला ३५८ च्या आसपास. मी कोडमध्ये ३४३ धरून ठेवला होता. गरम हवेत आवाज लवकर परत यायचा आणि माझ्या गणिताला पाणी जवळ आल्यासारखं वाटायचं. दीड मीटरवर फरक सहा सेंटीमीटरचा. टाकीच्या आत, पाण्याच्या वर, डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर लटकवला, वेग त्यावरून काढला, पातळी दुपारीसुद्धा जागेवर थांबली. शाळेत हे सूत्र पाठ केलं होतं. हाताला चटका बसल्यावर ते माझं झालं.

पहिल्या आवृत्तीची रचना अशी: गच्चीवर एक नोडएमसीयू, म्हणजे ईएसपी८२६६ चिपचा बोर्ड. तो वाय-फायवरून आमच्या घरातल्या रास्पबेरी पायला, म्हणजे तळहाताएवढ्या कॉम्प्युटरला, पातळी कळवणार. त्या पायवर होम असिस्टंट हे घरातली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर, तिथे निर्णय होणार. पार्किंगमधल्या दुसऱ्या नोडएमसीयूला एमक्यूटीटीने (उपकरणांची आपसात निरोप पाठवायची पद्धत) हुकूम जाणार, तो रिले, म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच, ओढणार, मोटर सुरू. मोबाईलवर निळी टाकी भरताना दिसायची. सोसायटीच्या मीटिंगमध्ये दाखवली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामांचे जिने बंद झाले. चार महिने उत्तम चाललं.

मग मे महिना. मी लग्नासाठी कोल्हापूरला. पुण्यात रात्री वळीव झाला, वीज गेली, पहाटे आली. वीज परत आली तेव्हा आमच्या घरातल्या राउटरचा अडॅप्टर जळालेला होता. आता माझ्या कोडच्या सुरुवातीला एक ओळ होती, जी इंटरनेटवरच्या निम्म्या उदाहरणांत असते: वाय-फाय जोडलं जाईपर्यंत थांब. राउटरच नाही, त्यामुळे दोन्ही बोर्ड तिथेच थांबले. वॉचडॉग टायमरने, म्हणजे अडकलेला बोर्ड पुन्हा सुरू करणाऱ्या घड्याळाने, त्यांना रीसेट करायला हवं होतं असं वाटेल, पण त्या लूपमध्ये मी डिले ('जरा थांब' हा हुकूम) टाकला होता, आणि ईएसपी८२६६ वर डिले चालू असताना वॉचडॉगला सगळं आलबेल वाटतं. सेन्सर चांगला, मोटर चांगली, खालची टाकी भरलेली, आणि गच्चीवरची कोरडी.

साडेसहाला नळ कोरडे पडले. मामा पार्किंगमध्ये मोटरसमोर जाऊन उभे राहिले आणि तिथे दाबायला बटण नव्हतं. स्टार्टरचं हिरवं बटण मी काढून त्या जागी रिलेच्या तारा जोडल्या होत्या. दोन्ही ठेवलं तर गोंधळ होईल असं मला वाटलं होतं. मला फोन आला तेव्हा मी दोनशे किलोमीटरवर होतो आणि फोनवरून त्यांना काहीही सांगू शकत नव्हतो. तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजी आहेत. मामांनी खालच्या टाकीतून त्यांच्यासाठी सहा बादल्या वर नेल्या. त्याच गुडघ्यावर. साडेदहाला वायरमन आला, त्याने बटण परत बसवलं, पाणी चढलं.

मी रविवारी परतलो तेव्हा मामा काहीही बोलले नाहीत. चहा दिला.

त्यानंतर सगळं नव्याने केलं. मोटर कधी चालवायची हा निर्णय आता मोटरशेजारच्या बोर्डावरच होतो. वाय-फाय, पाय, मोबाईल हे सगळं फक्त खबर देण्यापुरतं. राउटर नसला तरी पाणी चढतं. गच्ची ते पार्किंग डक्टमधून केबल टाकली, आरएस-४८५ वर (लांब तारेतून आकडे पाठवायची पद्धत), दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर. ही पद्धत कारखान्यांत शेकडो मीटरवर चालते, आमचे पंचवीस मीटर तिला काहीच नाहीत. त्याच केबलमधून वर १२ व्होल्ट पाठवले, त्यामुळे गच्चीवर पाण्याजवळ २३० व्होल्ट नाहीत. दहा सेकंद पातळीचा आकडा आला नाही की मोटर बंद, लाल दिवा चालू. सलग पन्नास मिनिटांपेक्षा जास्त मोटर चालत नाही. टाकीत साधा तरंगता फ्लोट स्विच वेगळा लावला आहे, त्याचा कोडशी काही संबंध नाही. पाणी त्याच्यापर्यंत पोहोचलं की तो स्वतःच मोटरची वाट तोडतो.

आणि पॅनेलवर मोठा काळा फिरवायचा स्विच आहे. हात, बंद, आपोआप. 'हात'वर फिरवला की माझा बोर्ड सर्किटच्या बाहेर आणि जुनं हिरवं-लाल बटण पूर्वीसारखं चालू. हा स्विच मी या प्रकल्पातला सगळ्यात महत्त्वाचा भाग मानतो.

तुम्ही घरात काय काय केलंय? आणि तुम्ही गावाला गेल्यावर ते कोण चालवतं? लिहा. प्रश्न असतील तर विचारा.

पर्वतीपायथा

फार मनापासून लिहिलंय. पण विचारतो, राग मानू नका: तयार वॉटर लेव्हल कंट्रोलर बाजारात मिळतो, वायरमन तासाभरात लावून देतो. सोसायटीच्या पाण्यावर प्रयोग कशाला?

तांब्याची_तार

राग कसला, प्रश्न रास्त आहे. सोसायटीला घाई असती तर मीही तोच घ्या म्हणालो असतो, आणि कुणी विचारलं तर आजही आधी तेच सांगतो. मी ते का केलं याचं उत्तर माझ्या नोकरीत आहे. बारा वर्षांत मी लिहिलेल्या एकाही ओळीला मी हात लावू शकलेलो नाही. ती कुठल्यातरी सर्व्हरवर चालते, सहा महिन्यांनी कुणीतरी बदलते. इथे मी लिहिलेल्या ओळीमुळे कॉन्टॅक्टर (स्टार्टरमधला, मोटरची वीज जोडणारा मोठा स्विच) खट्कन बसतो, मोटरचा आवाज येतो, आणि दोन मिनिटांनी गच्चीवरच्या पाइपातून पाणी पडायला लागतं. पहिल्यांदा ते पडलं तेव्हा मी आणि मामा दोघंही झाकण उघडून बघत उभे होतो. ते मला विकत घेता आलं नसतं. तुमच्या बोलण्यातला दुसरा भाग, दुसऱ्यांच्या पाण्यावर प्रयोग, तो मात्र मला शंभर टक्के मान्य आहे. बटण काढण्याचा अधिकार मला नव्हता.

निवृत्त_फोरमन

भोसरीत चौतीस वर्षं पॅनेल बांधली, म्हणून चार गोष्टी सांगतो.

एक तर स्टार्टरला हात लावण्यापूर्वी त्यातल्या कॉन्टॅक्टरच्या कॉईलवरचं लेबल वाचा. थ्री फेजच्या स्टार्टरमध्ये कॉईल २३० ची असते किंवा ४१५ ची. छोट्या निळ्या रिलेवर २५० व्होल्ट लिहिलेलं असतं, ४१५ ची कॉईल त्याच्यावर घालायची नाही. दुसरं, तुमचा रिले कुठेही जोडा, पण ओव्हरलोडचा, म्हणजे मोटरने जास्त वीज ओढली की ती तोडणाऱ्या भागाचा, कॉन्टॅक्ट कॉईलच्या वाटेतून सुटता कामा नये. मी असे जुगाड पाहिलेत जिथे स्टार्ट बटणाला डावलताना पोरांनी ओव्हरलोडलाही डावललं. मोटर अडकली की वाइंडिंग जळेपर्यंत कुणाला कळत नाही. अर्थिंग तपासून घ्या. पॅनेलचं काम लायसनधारक वायरमनकडूनच करवा, तुम्ही शेजारी उभे राहा.

केबल गच्चीवर जाते म्हणता, तर दोन्ही टोकांना विजेचा झटका गिळणारे टीव्हीएस डायोड लावलेत का? वळवाची वीज लांब पडली तरी केबलमध्ये झटका येतो.

काळ्या स्विचचं वाचून बरं वाटलं. आमच्याकडे कितीही मोठं पीएलसीचं (कारखान्यातली यंत्रं चालवणारा कॉम्प्युटर) पॅनेल असलं तरी हात-ऑटो स्विच लावल्याशिवाय ते बाहेर जायचं नाही.

तांब्याची_तार

काका, मनापासून आभार. आमची कॉईल २३० ची आहे. रिलेचा कॉन्टॅक्ट ओव्हरलोडच्या नंतर येतो, वायरमनने तसाच घेतलाय. टीव्हीएस एकाच टोकाला होता, गच्चीच्या बाजूला आता लावतो.

तुमच्या क्षेत्रातली एक गोष्ट मला फार उशिरा कळली. कॉन्टॅक्टर सुटला की दर दोन-तीन वेळांनी माझा बोर्ड रीसेट व्हायचा. मी पुन्हा कोडमध्ये शोधत बसलो. शेवटी कळलं की कॉईलची वीज तुटताना तिच्यातून जो उलटा झटका निघतो तो बोर्डापर्यंत पोहोचत होता. कॉईलवर समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ (थेट मेन्सवर लावता येणारा) कपॅसिटर आणि १०० ओहमचा रेझिस्टर एकापाठोपाठ जोडून लावला, त्यानंतर एकदाही रीसेट नाही.

निवृत्त_फोरमन

त्याला स्नबर म्हणतात. बरोबर केलंत. कपॅसिटर एक्स२ चाच हवा, साधा टाकू नका. आणि ४१५ ची कॉईल असलेल्यांनी २७५ व्होल्टचा एक्स२ वापरू नये, हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी.

धनकवडी_रात्रपाळी

सामान कुठून घेता? ऑनलाइन मागवलं की एका रेझिस्टरसाठी तीन दिवस थांबावं लागतं.

तांब्याची_तार

बुधवार पेठ, तापकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाच्या आसपासचा भाग. बोर्ड, सेन्सर, रिले, कनेक्टर सगळं मिळतं. जाताना घटकाचा नंबर कागदावर लिहून न्या आणि शक्य असेल तर जुना जळलेला तुकडाच खिशात ठेवा. काउंटरवरची माणसं तो दोन बोटांत धरून ओळखतात. दुचाकी शनिवारवाड्याच्या बाजूला लावून चालत जाणं सोपं. जुने ट्रान्सफॉर्मर, मीटर, लोखंडी पेट्या यांच्यासाठी बुधवारी किंवा रविवारी जुना बाजार. माझ्या पॅनेलची पेटी तिथलीच आहे, जाड पत्र्याची.

कोडिंग_ते_कथील

अशा बोर्डांसाठीचं तयार सॉफ्टवेअर ईएसपीहोम का नाही वापरलंत? कोड लिहावाच लागत नाही. यॅमल नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये सेन्सर आणि रिले लिहिले की झालं.

तांब्याची_तार

घरातल्या दिव्यांना आणि कुंड्यांना मी तेच वापरतो, सुंदर आहे. मोटरला लावणार असाल तर एक गोष्ट आधी बघा. त्यात वाय-फाय किंवा होम असिस्टंटचा संपर्क पंधरा मिनिटं तुटला की बोर्ड स्वतःला रीबूट करतो, ही मूळ सेटिंग आहे. दिव्याला फरक पडत नाही. चालू मोटर मात्र मधेच बंद पडेल आणि पाय बंद असेपर्यंत दर पंधरा मिनिटांनी पडत राहील. रीबूट टाइमआउट दोन्ही ठिकाणी शून्य सेकंद करावा लागतो.

आणि बोर्डावरच्या पिना जपून निवडा. मी आधी रिले डी४ वर लावला होता. वीज आली की बूट होताना चिप त्या पिनेवर स्वतःच काहीतरी पाठवते, रिले क्षणभर टक् करतो. टेबलावर गंमत वाटते, तीन एचपीच्या मोटरला तो धक्का असतो. डी१ आणि डी२ बूटच्या वेळी शांत असतात. तिथे हलवला.

सातवीची_आई

मी या क्षेत्रातली नाही. मुलगी सातवीत आहे, तिने शाळेच्या प्रदर्शनासाठी एलईडीचं काहीतरी केलं आणि तेव्हापासून घरातले रिमोट उघडतेय. तिला सोल्डरिंग करू द्यावं का? पुण्यात तिला काही दाखवता येईल का?

तांब्याची_तार

ताई, द्या करू, शेजारी बसा. टोक साडेतीनशे अंशांच्या आसपास तापतं, म्हणून स्टँड हवाच, सुती कपडे, केस बांधलेले, खिडकी उघडी. साध्या सोल्डरमध्ये शिसं असतं, काम झालं की हात साबणाने धुवायचे आणि मधे काही खायचं नाही. पहिला आठवडा फक्त जुन्या बोर्डावर सराव. तिला एकच गोष्ट बघायला शिकवा: आधी तार आणि पॅड तापवायचं, मग कथील लावायचं. नीट बसलेला डाख लहानशा डोंगरासारखा उतरता आणि चकचकीत दिसतो. मळकट गोळी होऊन वर बसला असेल तर तो कच्चा, परत तापवायचा. दहा-बारा झाले की तिचं तिलाच कळेल.

दाखवायला म्हणाल तर विद्यापीठाच्या आवारात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेचं मुक्तांगण विज्ञान शोधिका केंद्र आहे. अरविंद गुप्तांनी तिथे वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी केली, ती कशी करायची ते त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहे, मराठीतही. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला न्या. ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश आहेत, त्यांतल्या एकीखाली उभं राहिलं की मूल गप्प होतं. आणि पाबळचा विज्ञान आश्रम. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केला, गावातली मुलं हाताने काम करत शिकतात. अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेर सुरू झालेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी (वस्तू स्वतः बनवून बघायची कार्यशाळा) एक तिथे आहे. मी दोनदा गेलोय, दोन्ही वेळा वही भरून परतलो.

सातवीची_आई

खूप आभार. उघडलेले रिमोट परत बंद करायची अट घालून सोल्डरिंग आयर्न आणतेय.

पर्वतीपायथा

माझा वरचा प्रश्न मागे घेत नाही, पण आज आमच्या पार्किंगमध्ये जाऊन बघितलं. तयार कंट्रोलर लावलाय आणि त्यालाही हात-ऑटो स्विच आहे. तो कशासाठी ते आमच्या वॉचमनला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. तुमच्या मामांना तुम्ही हे समजावलं कसं? तोंडी की लिहून?

तांब्याची_तार

लिहून. पहिला कागद मी टाइप करून, लॅमिनेट करून लावला होता. मामांनी वाचला आणि विचारलं, "मॅन्युअल मोड म्हणजे कुठलं बटण?" तेव्हा तो काढला आणि दुसरा त्यांच्याशेजारी बसून, त्यांच्या शब्दांत, मार्करने लिहिला. आज पॅनेलच्या दारावर आहे तो असा:

हिरवा दिवा: सगळं ठीक आहे, हात लावू नये.
लाल दिवा: काळा स्विच 'हात'कडे फिरवा. हिरवं बटण दाबा, मोटर सुरू. टाकी भरून गच्चीचा ओव्हरफ्लोचा पाइप वाहू लागला की लाल बटण दाबा.
मोटर चालू आहे पण पाणी चढत नाही: लगेच लाल बटण. खालची टाकी बघा.
पेटीतून वास किंवा धूर: भिंतीवरचा मोठा खटका खाली. वायरमनला फोन.

मागच्या महिन्यात बघितलं तर खाली बॉलपेनने मामांच्या अक्षरात आणखी एक ओळ आली आहे: "बुधवारी रात्री दहाला दोन्ही टाक्या फुल करणे, गुरुवारी पाणी नाही." हे माझ्या कोडमध्ये नव्हतं. कालच घातलं.